बंद वसतिगृहात बहात्तरचा दुष्काळ करतोय, प्रेक्षकाचं काय करू?

चौकातला_मास्तर

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवतो. यंदा एम.ए.च्या पोरांनी एकमुखानं सांगितलं, "सर, स्टेजवर नको." कॅम्पसच्या मागच्या अंगाला जुनं वसतिगृह आहे. दुमजली, मधे चौक, चौकात कोरडा आड. बरीच वर्षं कुलूप आहे. त्यात करू म्हणाले.

विषयही त्यांचाच, १९७२ चा दुष्काळ. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन आजी-आजोबांशी बोलून या, इतकंच मी सांगितलं होतं. पोरं जालना, बीड, परभणी, धाराशिवची, एक मुलगी माण तालुक्यातली. जे घेऊन आली ते ऐकून मी दोन तास गप्प बसलो. खडी फोडायच्या कामावरच बाळंत झालेली आजी. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेना म्हणून तिच्यावर पाणी पिणारा आणि पाणीही मोजूनच मिळणारा आजा. दावणीची बैलजोडी बाजारात नेली, गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून दोर सोडून देऊन परत आलेला माणूस. "गँग भरली, उद्या या" असं ऐकून चार कोस माघारी चालत गेलेल्या बाया.

सध्याचा आराखडा असा. दारातच प्रेक्षकाला हजेरीचं कार्ड द्यायचं, डोक्यावर घमेलं द्यायचं, खोल्याखोल्यांतून फिरवायचं, शेवटी चौकात रांगेत बसवून सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, वाढायची. विभागातल्याच लोकांना बोलावून एक कच्ची फेरी केली. लोक हसले. घमेलं डोक्यावर ठेवून दोघांनी सेल्फी काढला. एका मॅडमना मात्र रडू आलं, त्या बाहेर जाऊन बसल्या.

तर माझा प्रश्न: फिरणाऱ्या प्रेक्षकाला नेमकं काय करायला द्यायचं? आणि दुसरा. आमच्या पोरांची सगळी तालीम एकांकिका स्पर्धांतली. समोर बघून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. दोन फुटांवर उभ्या माणसाशी बोलताना ती अजूनही बाल्कनीशीच बोलतात. यावर काही उपाय?

---

तिसरी_घंटा

मास्तर, राग मानू नका. हे लंडन-न्यूयॉर्कचं खूळ आहे. तिथे लोकांना सगळं मिळालेलं असतं, म्हणून पैसे देऊन अंधारात धडपडायला आवडतं. आपल्याकडे पोटभर जेवून आलेला माणूस घमेलं उचलून दुष्काळ "अनुभवणार", ही कल्पनाच मला किळसवाणी वाटते. खुर्च्या मांडा, चांगली संहिता लिहा, तीन घंटा द्या.

---

विंगेतली_बाई

घंटाकाका, किळस येते म्हणालात ते पटलं. खूळ म्हणालात ते नाही पटलं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा, म्हणजे आदिवासींचा मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, बघा. रात्रभर सोंगं गल्लीतून येतात, माणसं त्यांच्याबरोबर सरकतात, कुणाला खुर्ची नसते. काशीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते. अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, आणि लोक त्या-त्या दिवशी त्या-त्या जागी चालत जातात. माइक नाही, पेट्रोमॅक्स आणि मशाली. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या १९७४ च्या 'मिछिल'मध्ये मिरवणूक प्रेक्षकांच्या मधून फिरायची. तेच अमोल पालेकरांनी मराठीत 'जुलूस' म्हणून केलं. तेव्हा फिरणारा प्रेक्षक आपल्याला नवा नाही. नवा आहे तो बुजलेला, मोबाइल घेऊन आलेला प्रेक्षक.

आता मास्तर, तुमच्याकडे येते. मी आयुष्यभर नेपथ्य केलं आणि निवृत्तीआधी बरीच वर्षं विद्यार्थ्यांबरोबर असे प्रयोग केले. जुन्या छापखान्यात केले, बंद पडलेल्या शाळेत केले. त्यातून बनलेलं माझं मत एकच आहे आणि ते मी हट्टानं सांगते: प्रेक्षकाला सोसणाऱ्याची भूमिका देऊ नका. तो ती करू शकत नाही. त्याला भूक नाही, घमेल्यात दगड नाही आणि तासाभरानं गाडी काढून घरी जायचंय हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग तो एक तर हसतो, नाहीतर स्वतःच्याच हळवेपणावर रडतो. तुमच्या कच्च्या फेरीत दोन्ही झालं.

त्याला अशी भूमिका द्या जी तो खरोखरच करू शकतो. तुमच्याच साहित्यात ती आहे. "गँग भरली, उद्या या" हे कुणीतरी म्हणालं ना? ज्यानं म्हटलं तो करा प्रेक्षकाला. हजेरी कारकून करा. हातात मस्टरचा कागद आणि पेन्सिल द्या. शर्ट-पँटमध्ये, चष्मा लावून, पोटभर जेवून आलेला माणूस या भूमिकेत चपखल बसतो. वेगळं काही घालावं लागत नाही. खोलीत शिरला की समोरची बाई त्याला "साहेब" म्हणेल. त्या एका हाकेनं जे होतं ते घमेल्यानं होत नाही. सेल्फीसुद्धा निघत नाही, कारण माणूस आपल्याला साहेब म्हणत असताना आपला फोटो काय काढणार?

एक जुनी गोष्ट इथे उपयोगी पडेल. घंटाकाका ज्या लंडन-न्यूयॉर्कच्या खुळावर चिडले, ते गाजवणाऱ्या पंचड्रंक या इंग्लंडमधल्या नाटकमंडळीची सुरुवात विद्यापीठातच झाली. २००० साली फेलिक्स बॅरेट हा एक्सेटर विद्यापीठाचा विद्यार्थी होता. त्यानं 'वॉयचेक' हे जर्मन नाटक गावातल्या लष्कराच्या जुन्या बराकीत केलं. प्रेक्षक मोकळे फिरत होते. नाटकाची निवड बघा. त्याचा लेखक ब्यूखनर १८३७ मध्ये वारला तेव्हा ते अपुरं होतं. तुकडे होते, प्रवेशांचा क्रम त्यानं पक्का केलेलाच नव्हता. म्हणजे प्रेक्षक कुठल्याही खोलीत आधी शिरला तरी नाटकाचं काही बिघडत नव्हतं. पोरं आपलं आवडतं, बांधेसूद, शेवटच्या प्रवेशात रहस्य फोडणारं नाटक उचलतात आणि ते खोल्यांत पसरतात. मग दुसऱ्या मजल्यावरून सुरुवात केलेल्याला काही कळत नाही. तुमच्या आज्यांच्या आठवणी तुकड्यांतच आहेत. त्यांना एका कथानकात शिवू नका. खोलीगणिक एक आठवण, ती स्वतःच्या पायावर उभी.

आवाजाचं: संवाद काढून घ्या. महिनाभर नुसतं काम द्या. एकीनं खरंच मिलो निवडायचा, एकानं दोर वळायचा, एकीनं चूल सारवायची. तुम्ही शेजारी बसून त्यांना त्यांच्या घरचं विचारा. हात कामात असले की माणूस आपोआप शेजारच्याइतक्याच आवाजात बोलतो, आणि हळूहळू त्यांच्या गावची बोली बाहेर येते. स्पर्धेनं ती दाबलेली असते. ती आली की मग संवाद परत द्या. निम्मे लागणारच नाहीत.

---

डिमरवाला

बाईंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. म्हणजे वायरिंगचं.

१. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट विद्यापीठाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. तोंडी "काही होत नाही सर" चालणार नाही. गच्ची आणि मागचा जिना तो बंद करायला सांगेल. आनंदानं करा. कोरडा आड म्हणालात. त्याच्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर बसता येणार नाही असा कठडा. अंधारात फिरणारा प्रेक्षक आडाकडेच जातो.

२. जुन्या वायरिंगला हात लावू नका, मेन काढून टाका. बाहेरून नवी लाइन, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून. कंदील दाखवायचे तर आत बॅटरीचे एलईडी. खऱ्या ज्योतीची चूल फक्त चौकात, बाजूला वाळूची बादली आणि एक माणूस, ज्याला दुसरं काही काम नाही.

३. प्रत्येक मजल्यावर एक पोरगं काळ्या कपड्यांत, टॉर्च घेऊन, नट नसलेलं. सगळ्यांनाच अभिनय करायचा असतो, हे पोरगं कुणाला व्हायचं नसतं. मास्तर, त्याला मार्क द्या.

४. फेऱ्या. एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं दहा बाय बाराच्या खोल्यांत नको. ती पण तीन-तीनच्या टोळ्यांत. सगळ्या खोल्या एकाच तालात चालायला हव्यात, नाहीतर दोन टोळ्या जिन्यात धडकतात. वॉकीटॉकी, ॲप वगैरेच्या भानगडीत पडू नका. चौकात रुळाचा तुकडा टांगा. कामाच्या साइटवर सुट्टीचा टोला तसाच पडायचा. टोला पडला की खोली संपली, पुढे चला. नटाला पण कळतं, प्रेक्षकाला पण, आणि नाटकातला आवाज नाटकातच राहतो.

५. जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता मंजुरीसाठी राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. "आमची संहिता तुकड्यांत आहे" हे तिथे सांगून उपयोग नाही. खोलीगणिक टाइप करून ठेवा.

न्यूयॉर्कला पंचड्रंकच्याच 'स्लीप नो मोअर'मध्ये तासाभराचा खेळ एका रात्रीत तीनदा फिरायचा. आपल्या पोरांची दमछाक दोन फेऱ्यांतच होते. पाणी आणि गूळ ठेवा.

---

पाठमोरी

मी विद्यार्थिनी आहे. गेल्या वर्षी अशाच एका प्रयोगात काम केलं, म्हणून आतल्या बाजूचं लिहिते. प्रेक्षक हात लावतात. सगळेच वाईट हेतूनं नाही. काही जण खरंच सांत्वन करायला खांद्यावर हात ठेवतात. पण बंद खोलीत एकटीसमोर तीन पुरुष, अंधार, आणि आपण "भूमिकेत", म्हणून ओरडायचं नाही? न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगात नटांना नको तिथे हात लावल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये छापून आल्या होत्या. तिथे प्रेक्षकांना मुखवटे असायचे. तोंड झाकलं की माणूस धीट होतो.

आमच्याकडे मग असं ठरलं की कुठल्याही खोलीत एकटी मुलगी नाही. दाराला कडी नाही. आणि एक वाक्य असं, की ते कानावर आलं की टॉर्चवाला आत येतो. तुमच्या नाटकात ते "ओव्हरसियर साहेबांना बोलवा" असू शकेल. प्रेक्षकाला वाटतं नाटकच चाललंय. सर, हे वाक्य मुलींनाच ठरवू द्या.

आणि हो, वसतिगृहाची रात्रीची वेळ. मुलींना साडेआठला आत जावं लागत असेल तर प्रयोग साडेसहाला लावा, किंवा रेक्टर मॅडमचं पत्र आत्ताच घ्या. आमच्या प्रयोगात शेवटच्या फेरीतल्या दोन भूमिका फक्त याच कारणानं मुलांकडे गेल्या.

---

चौकातला_मास्तर

सगळ्यांचे आभार. पाठमोरी, तुझा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला. मुलींनी त्यांचं वाक्य ठरवलंय, ते इथे लिहीत नाही.

बाई, कारकुनाची कल्पना पोरांना एकदम पटली. आम्ही असा विचार करतोय: मस्टरवर ओळी आठच, खोल्यांतून नाव लावा म्हणणारी माणसं चौदा. कुणाला लावायचं ते प्रेक्षकानं ठरवायचं. शेवटी चौकात नावं पुकारायची. ज्यांचं नाव आलं त्यांना सुकडी, बाकीचे उभे. कसं वाटतं?

---

तिसरी_घंटा

चुकीचं वाटतं. आणि आता मला बोलायलाच लागणार, कारण माझे वडील तेव्हा बांधकाम खात्यात होते आणि मस्टर लिहायचे.

पहिली गोष्ट, सुकडी ही बक्षिसी नव्हती, कामावर वाटली जायची. ती सगळ्यांना द्या. दुसरी, सरकारचा पवित्रा "जागा नाही" असा नव्हता. मे १९७३ मध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या पन्नास लाखांना तुम्ही आठ ओळींत बसवलंत तर नाटक खोटं पडेल. तुमच्या आज्या खोटं बोलत नाहीत. एखाद्या कामावर गँग भरलेली असे, बाई परत जाई, दोन दिवसांनी दुसऱ्या कामावर लागे. ते तसंच सांगा. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ चा, त्यातले शब्द बहात्तरच्या माणसाच्या तोंडी घालू नका.

कारकुनाची खरी सत्ता नाव लावण्यात कमी आणि मोजमापात जास्त होती. खडीची मजुरी दिवसावर नव्हती, मापावर होती. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. वडिलांच्या साइटवर लाकडी पेटी असायची, तळ नसलेली. ती जमिनीवर ठेवायची, बाईनं फोडलेली खडी तिच्यात भरायची. सैल भरली तर पेटी लवकर भरते, बाईचा फायदा. कारकुनानं पेटीला एक लाथ मारली की खडी खाली बसते, वर चार बोटं जागा होते, अजून दोन घमेली लागतात. तीच खडी, तीच पेटी. वडील सांगायचे, आठवड्याच्या हिशेबात एवढ्यानं घरातली एक वेळची भाकरी इकडची तिकडे व्हायची. ते लाथ मारायचे की नाही हे मी कधी विचारलं नाही.

करायचंच असेल तर ती पेटी प्रेक्षकासमोर ठेवा.

---

विंगेतली_बाई

घंटाकाका, आता तुम्हीच सांगा, खुर्चीत बसून हे कसं दाखवलं असतं?

मास्तर, आठ-चौदाचं गणित सोडून द्या. तो दूरदर्शनवरचा खेळ झाला असता. कोण आत कोण बाहेर, यात प्रेक्षक लगेच हुशारी करतो आणि माणसं बघायचीच विसरतो. पेटी घ्या. प्रेक्षक तीन-तीनच्या टोळीत येणार. म्हणजे लाथ मारायची की नाही हे तिघांत एकमेकांकडे बघून ठरणार. तिथे नटीनं एक शब्द बोलायचा नाही, विनवणी तर मुळीच नको. तिनं फक्त पेटी भरून बाजूला व्हायचं आणि हात पुसायचे. ओव्हरसियरनं दारातून एकदा म्हणायचं, "माप नीट घ्या साहेब, वर मलाही उत्तर द्यायचंय." बास. कुणी मारेल, कुणी मारणार नाही, कुणी हसत हळूच बूट लावेल. तिन्ही चालेल. नट कुठल्याही उत्तराला शाबासकी देणार नाही आणि रागावणारही नाही, एवढी शिस्त पोरांकडून घोटून घ्या. सगळ्यात अवघड तेच आहे. विद्यार्थ्यांना चांगल्या प्रेक्षकाकडे बघून हसायचं असतं.

चौकात मग त्या-त्या टोळीनं लिहिलेलं माप मोठ्यानं वाचायचं आणि त्याप्रमाणे पगार वाटायचा, इतकंच.

---

आडावरची

एक विचारू का? इतका वेळ सगळे खडीवर बोलताय. पाण्याचं काय? आमच्या घरी बहात्तरची आठवण काढली की खडीच्या आधी पाणी येतं. टँकर आला तरी रांग एक नसायची. आमच्या बायकांच्या घागरीत वरून पाणी ओतलं जायचं, हात लागू नये म्हणून. सर, तुमच्या पोरांनी आणलेल्या आठवणींत हे आलं का? नसेल आलं तर कुणाकुणाच्या आज्यांशी बोललात ते एकदा बघा. आलं असेल आणि "वाद नको" म्हणून गाळलं असेल, तर मग तो आड चौकात कशाला ठेवला?

---

चौकातला_मास्तर

ताई, आलं आहे. दोघांच्या घरून आलं. गाळलेलं नाही, पण ते कोण करणार यावर वर्ग अडलाय. ज्या मुलीच्या आजीची ती आठवण आहे, तिनंच ती भूमिका करावी असं बाकीचे म्हणतात, कारण "तुझं खरं वाटेल." ती गप्प आहे.

---

आडावरची

गप्प आहे म्हणजे नको आहे. तिला ओतणारीची भूमिका हवी आहे का, ते विचारा. किंवा टॉर्च घेऊन उभं राहायचंय का. आठवण तिनं दिली, अंग पण तिनंच द्यायचं असं काही नाही. आणि वर्गातल्या बाकीच्यांनी घागर धरून बघू दे ना.

---

विंगेतली_बाई

ताईंच्या बोलण्यात मी भर घालणार नाही. फक्त जागेचं सांगते: पाण्याचा प्रसंग खोलीत घेऊ नका. तो आडाच्या कठड्यापाशी, सगळ्या फेऱ्यांत सतत चालू ठेवा. प्रेक्षक एका खोलीतून दुसरीत जाताना प्रत्येक वेळी चौक ओलांडणार आणि प्रत्येक वेळी ते बघणार. पहिल्यांदा लक्षात येणार नाही की घागर खाली का ठेवली जाते आणि हात का मागे जातो. तिसऱ्यांदा येईल. कुणी समजावून सांगायचं नाही.

---

चौकातला_मास्तर

विचारलं तिला, एकटीला. ओतणारी करते म्हणाली. घागर धरायला वर्गातली दुसरी मुलगी तयार झाली.

पेटी सुताराकडे टाकली आहे. सागाची परवडत नाही, जुन्या दरवाज्याच्या फळ्यांची करतोय. लाथा खाऊन फेरीगणिक सुटणार नाही ना?

---

डिमरवाला

कोपऱ्यांना आतून लोखंडी पट्टी मारा, खिळे नकोत, नटबोल्ट. खडी बारीक घ्या, आधी धुऊन वाळवून, नाहीतर बंद खोलीत धूळ उडून पहिल्या फेरीतच सगळे खोकतील. फोडताना हातोडी प्रेक्षकाच्या हाती नको, कपची डोळ्यात जाते. नटीलाही नजरेत येणार नाही असा साधा चष्मा द्या. आणि दर टोल्याला पेटी उपसून खडी परत ढिगावर टाकायला दोन दणकट पोरं लागतील, पुढची टोळी आत यायच्या आधी. तेवढा वेळ धरला आहे का फेरीत?

---

तिसरी_घंटा

उपसायला वेळ वेगळा कशाला काढताय? साइटवर माप झालं की खडी त्याच बायांना उचलून रस्त्यावर टाकावी लागायची. प्रेक्षकांच्या देखतच उपसा.

मास्तर, तारीख कळवा. माझं वय सत्तरीपुढचं आहे. जिना किती पायऱ्यांचा आहे, आणि कठडा आहे का?